उमेदवार इंदूताई जगदाळे

इंदूताईंना फोनवरून कुणी कितीही खोदून विचारलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "हात घातल्याशिवाय मी सांगत नाही." आणि हे त्या अगदी शब्दशः म्हणत. त्या गाईंच्या डॉक्टर होत्या. खांद्यापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचे आणि गाय गाभण आहे की नाही, वासरू सरळ आहे की आडवं, ते सांगायचं. वीस-बावीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा उजवा खांदा कायमचा दुखावला होता. हस्तांदोलनाला त्या डावा हात पुढे करत. समोरचा माणूस गोंधळे, मग आपला उजवा मागे घेऊन डावा काढे. तेवढ्या वेळात इंदूताई त्याच्याकडे नीट बघून घेत.

शहराच्या टोकाचं मनुरेवा मागे टाकून मोटरवेने दक्षिणेला निघालं की थोड्या वेळाने घरं संपतात आणि कुरणं लागतात. २०१२ साली आम्ही घर घेतलं ते नेमकं त्या हद्दीवर. पुढच्या अंगाला नव्या वसाहतीची एकसारखी करडी छपरं, मागच्या कुंपणापलीकडे गाई. राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोने, मेधाने, मला सकाळी हाका मारून उठवलं. आमच्या मागच्या हिरवळीवर एक काळीपांढरी गाय उभी होती आणि दोरीवर वाळत घातलेली चादर शांतपणे चघळत होती. मी पुण्याचा, डेक्कनवर वाढलेला, नोकरी संगणकावरची. मी काचेचं दार आतून लावून घेतलं आणि कौन्सिलला फोन केला.

अर्ध्या तासाने दारात मागे उघडा हौदा असलेली एक पांढरी यूट थांबली. तिच्यातून जेमतेम पाच फुटांची एक बाई उतरली. अंगात निळा ओव्हरऑल, गुडघ्यापर्यंत गमबूट, टोपीखाली घट्ट अंबाडा. शेजारच्या शेतावर कामाला आली होती, तिथे कळलं म्हणून आली. ती सरळ गाईजवळ गेली, तिच्या तोंडातून चादर ओढून काढली आणि म्हणाली, "काय गं भवाने, कुठं निघालीस?"

मी दार उघडून बाहेर आलो. "तुम्ही मराठी?"

"मी मराठी. गाय इथलीच आहे," बाई म्हणाल्या. "पण बोललेलं कळतं तिला. तुम्ही कुठले?"

"पुण्याचे."

"तरीच दार लावून बसलात."

इंदूताई फलटणच्या बाजूच्या. त्यांचे वडील गावोगाव सायकलवरून फिरून जनावरांवर उपचार करायचे. नवरा विलासराव आमच्याकडच्या एका दूधपावडरच्या कारखान्यात पाळ्या करायचा. तो इतका कमी बोलायचा की त्याचा आवाज ऐकायला मला वर्ष लागलं. मुलगी ऋता डनेडिनला शिकायला. इंदूताईंचं घर आमच्यापासून चार घरांवर. पायरीवर तीन गमबुटांच्या जोड्या, आत फोडणीचा वास आणि त्याच्या खाली, कितीही उदबत्त्या लावल्या तरी न जाणारा, शेणाचा एक बारीकसा वास. त्याची त्यांना लाज नव्हती. हिल्सबरोच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी होती तेव्हाची गोष्ट. अल्बनीहून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "व्हेट म्हणजे कुत्री-मांजरं वगैरे?"

"नाही, गाई."

"अरे वा! गोमाता!"

"माताच. पण लाथ मारते," इंदूताई म्हणाल्या. "तुमच्या ताटात बासुंदी आहे, म्हणून बाकीचं नंतर सांगते."

इथल्या शेतकऱ्यांनी त्यांना सहज घेतलं नव्हतं. परीक्षा देऊन, परवाना मिळवून त्या क्लिनिकमध्ये लागल्या, तेव्हा पहिले सहा महिने लोक फोन करून "तो दुसरा डॉक्टर पाठवा" असं सांगत. मग एका पावसाळी सकाळी केनचा फोन आला. केन म्हणजे आमच्या कुंपणामागच्या शेताचा मालक, साठीचा, उंच, तीन शब्दांत काम भागत असेल तर चौथा न वापरणारा. त्याची गाय अडली होती आणि दुसरा डॉक्टर दूर कुठेतरी होता. इंदूताई गेल्या. वासराची मान मागे वळलेली होती. केनने स्वतः प्रयत्न करून पाहिला होता, पण त्याचा पंजा फावड्याएवढा. इंदूताईंचा हात लहान. त्या चिखलात आडव्या पडल्या, पाऊण तास लागला, आणि वासरू जिवंत बाहेर आलं. केन त्या वासराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दॅट्ल डू." म्हणजे, चालेल.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"अहो, त्यांच्यात हे शाल-श्रीफळ झालं," इंदूताई म्हणाल्या.

त्यानंतर केन फक्त त्यांनाच बोलवी. त्याची बायको जॉय त्यांच्यासाठी स्कोन्स करून ठेवी, इंदूताई तिला लिंबाचं लोणचं नेऊन देत. ते केन चीजबरोबर खायचा. घरी त्याचा उल्लेख त्या "आमचे केनआप्पा" असा करत. फलटणला असे दोन-तीन आप्पा होते म्हणे, अगदी असेच, दिवसभर बांधावर उभे राहून ढगांकडे बघणारे.

आता ओढ्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. केनच्या शेतातून एक ओढा येतो, आमच्या वसाहतीला वळसा घालतो आणि पुढे खाडीला मिळतो. आम्ही आलो तेव्हा पोरं त्यात उड्या मारायची. आमची मुलगी सई टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून दुपारभर तिथेच. एका उन्हाळ्यात वसाहतीतली सहा-सात पोरं एकदम आजारी पडली, सई त्यातच. दोन दिवस ती हॉस्पिटलमध्ये सलाइनवर होती. मग ओढ्याकाठी पोहू नका अशी पाटी लागली आणि विषय संपला.

इंदूताईंचा संपला नाही. सुटीच्या दिवशी त्या गमबूट घालून ओढ्यात उतरल्या आणि वरच्या शेतांपासून खाडीपर्यंत चालत गेल्या. वाटेत ठिकठिकाणी बाटल्या भरल्या, त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, ओळखीच्या प्रयोगशाळेतून तपासून आणल्या. तो कागद घेऊन त्या कौन्सिलमध्ये गेल्या. कौन्सिलने दुसऱ्या खात्याकडे पाठवलं. दुसऱ्या खात्याने धन्यवादाचं पत्र पाठवलं. स्थानिक खासदाराने त्यांना चहा दिला. तो भला माणूस होता, शेतकऱ्याचाच मुलगा, सगळ्यांना नावाने ओळखणारा. त्याने कागद नीट वाचला आणि म्हणाला, "इंदी, हे फार गुंतागुंतीचं आहे."

"गाईच्या पोटात हात घालते तेव्हा पण गुंतागुंतच असते," इंदूताई घरी येऊन म्हणाल्या. "म्हणून काय हात काढून घ्यायचा का?"

२०१७च्या सुरुवातीला त्या विरोधातल्या पक्षाच्या सभेला जाऊन बसल्या आणि परत आल्या त्या उमेदवार होऊन. आमच्या मतदारसंघात तो पक्ष कधी जिंकलेला नव्हता. उभं राहायला कुणी तयार नव्हतं, यांनी हात वर केला, डावा. मेधाने त्यांना ओवाळलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा पूर आला. हिल्सबरोच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार झाला, फोटो काढायला रांग लागली. पुढच्या शनिवारी पत्रकं वाटायला कोण येणार, असं इंदूताईंनी माइकवरून विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की आपण त्या मतदारसंघात राहत नाही. शनिवारी मी एकटा गेलो. खरं सांगायचं तर मीही मेधाने पाठवलं म्हणून.

मग पक्षाच्या मुख्यालयातून एक टाय लावलेले गृहस्थ आले. इंदूताईंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी पोहे खाल्ले आणि डावपेच समजावून सांगितले. इथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक पक्षाला, एक स्थानिक उमेदवाराला. "ही जागा आपण जिंकणार नाही," ते म्हणाले, "तेव्हा लोकांच्या दारात जाऊन फक्त पक्षासाठी मत मागा. स्वतःसाठी नको."

"म्हणजे दारात जाऊन सांगायचं, मला मत देऊ नका?"

"तसं अगदी नाही..."

"आणि तुमच्या यादीत माझा नंबर कुठे आहे?"

गृहस्थांनी चमचा खाली ठेवला. पक्षाला पडलेल्या मतांवर यादीतली माणसं वरून क्रमाने निवडली जातात, आणि यांचा नंबर तळाशी होता. म्हणजे पक्षाला देशभर कितीही मतं पडली असती, तरी इंदूताई पार्लमेंटात जाणार नव्हत्या. हे त्या दिवशी त्या टेबलाशी बसलेल्या आम्हां सगळ्यांना कळलं. विलासराव उठून गॅसकडे गेला आणि उगाच चहा गाळू लागला.

"मग मी कशाला?" इंदूताई म्हणाल्या. "बुजगावणं उभं करा की."

गृहस्थांनी बुजगावणं म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "असं स्थानिक काही बोलत जा, छान वाटतं."

त्या तरीही उभ्या राहिल्या. दारोदार गेल्या आणि "दोन्ही मतं द्या, एकच द्यायचं असेल तर मला द्या," असं सांगत राहिल्या. वासरांचा हंगाम आणि प्रचाराचा हंगाम एकच. पहाटे गाई, दुपारी माणसं. शेतावर गेलं की मालक म्हणे, "उभी राहिलीस ते ठीक आहे, डॉक, पण आलीच आहेस तर ही कालवड बघून जा." की यांनी ओव्हरऑल चढवलाच. एकदा एका शेतावर आम्हांला तीन तास लागले. मी गाडीत बसून त्यांची पत्रकं घडी करत होतो. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत रक्त. "मत देणार का?" मी विचारलं. "ते विचारायचं राहिलंच," त्या म्हणाल्या.

वसाहतीत उलटं. तिथे दार उघडायचंच नाही. घंटीतल्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा, "नॉट इंटरेस्टेड, थँक यू." इंदूताई त्या घंटीलाही मान लववून "किया ओरा, सॉरी टु डिस्टर्ब" म्हणत आणि पुढच्या घराकडे वळत. रस्त्यावरच्या त्यांच्या होर्डिंगवर कुणीतरी काळ्या रंगाने "गो होम" लिहिलं. मी ते पुसायला धावलो. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "जायचंय की," म्हणाल्या, "पण अजून चार गल्ल्या राहिल्यात."

सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा झाली. मुख्याध्यापिका अध्यक्ष. हॉल भरलेला. कुणी सांगितलं नव्हतं, पण डावीकडे शेतकरी बसले, उजवीकडे वसाहतवाले, मधून चालण्याची वाट. मी उजवीकडे, मागच्या रांगेत. शेजारच्या घरातला एकजण माझ्या बाजूला होता. त्याने विचारलं, "ही तुझी मैत्रीण ना?" मी म्हणालो, "आमच्या राज्यातल्या आहेत." हे वाक्य मी का बोललो ते मला तेव्हाही कळलं नाही.

ओढ्याचा प्रश्न आला. खासदारांनी गुंतागुंत समजावली. इंदूताई उठल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता, तो त्यांनी खाली ओढला. "मी हा ओढा चालून बघितलाय," त्या म्हणाल्या. "वरच्या अकरा शेतांत गाई पाण्यात उतरतात. कुंपण नाही, किंवा आहे ते पडलंय. पाण्यात शेण आहे. बाटल्या माझ्या घरी आहेत, कुणालाही बघायला मिळतील."

उजवीकडून टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. डावीकडची माणसं हाताची घडी घालून बसलेली. पक्षाचे टायवाले गृहस्थ कोपऱ्यात उभे होते, त्यांचा चेहरा उजळला. तिथे थांबल्या असत्या तर वसाहतीची मतं तरी पदरात पडली असती.

"आता टाळ्या वाजवणाऱ्यांनी ऐका," इंदूताई म्हणाल्या. "जोराचा पाऊस झाला की तुमच्या वसाहतीचं मैलापाणी पंपातून उतू जातं आणि याच ओढ्यात येतं. तुम्ही रस्त्यावर गाड्या धुता, ते पाणी तिथेच जातं. तुमची घरं जिथे आहेत, तिथे पूर्वी पाणथळ होतं. ते पाणी गाळायचं. माझंही घर तिथेच आहे. सगळ्यात वाईट बाटली केनच्या शेताखालची नाही, आपल्या गल्लीच्या तोंडची आहे."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "मग आम्ही काय, घरं पाडायची?" कुणीतरी हसलं. गृहस्थ मोबाइलकडे बघू लागले.

आणि डावीकडे केन उभा राहिला. त्याला सभेत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून हॉल शांत झाला. टोपी हातात. तो म्हणाला, "डॉक, त्या अकरा शेतांत माझं आहे का?"

मला वाटलं, इंदूताई नाही म्हणतील. किंवा नंतर बोलू म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"आहे, केन," त्या म्हणाल्या. "खालच्या कुरणाचं कुंपण मे महिन्यापासून पडलंय. मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," केन म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं होतंस, डॉक. इथे नाही."

त्याने टोपी घातली आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. जॉय मागोमाग गेली. जाताना तिने स्टेजकडे पाहिलं नाही.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. इंदूताई म्हणाल्या, "त्यानं विचारलं की हो. विचारल्यावर काय सांगायचं असतं?" मी इंडिकेटर दिला आणि वळलो.

दुसऱ्या दिवसापासून शेतकरी क्लिनिकला फोन करून पुन्हा "तो दुसरा डॉक्टर पाठवा" म्हणू लागले. कुणी वाईट बोललं नाही. इथे वाईट बोलत नाहीत. दुकानात भेटले की हवेबद्दल बोलायचे, "टेक केअर, इंदी" म्हणायचे. क्लिनिकच्या मालकाने त्यांना निवडणूक होईपर्यंत रजा घ्यायला सुचवलं. त्यानेही चांगल्या शब्दांत सुचवलं.

मतदान शनिवारी. इथे त्या दिवशी प्रचाराला बंदी, होर्डिंग्जसुद्धा आदल्या दिवशी उतरवावी लागतात. शुक्रवारी दुपारी मी आणि विलासराव यूट घेऊन फिरलो आणि इंदूताईंचे चोवीस चेहरे उपटून आणले. शनिवारी काही म्हणजे काही करायचं नव्हतं. मी सकाळी मत देऊन त्यांच्याकडे डोकावलो. इंदूताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर फोन. ऐन हंगाम. त्या दिवसांत त्यांचा फोन दर तासाला वाजायचा. मी दोन तास होतो, एकदाही वाजला नाही. मधेच त्यांनी तो उचलून चालू आहे का बघितलं.

संध्याकाळी मोजणी सुरू झाली आणि मेधाचे बटाटेवडे गार व्हायच्या आत निकाल कळला. शेतांकडच्या केंद्रांवर हरणार हे माहीतच होतं. पण आमच्या शाळेच्या केंद्रावर, आमच्याच गल्लीच्या केंद्रावर, त्या तिसऱ्या होत्या. विलासराव टीव्हीसमोर उभा होता. त्याने आवाज कमी केला. माझ्या आठवणीत त्याचं त्या महिन्यातलं ते पहिलं वाक्य, "इंदू, थोडं खाऊन घे."

त्यांनी आधी खासदारांना फोन केला. अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, "ओढ्याचं बघा." पलीकडून ते "ऑफ कोर्स" म्हणाले असणार, कारण इंदूताईंनी मान हलवली आणि फोन ठेवला. मग त्यांनी दोन वडे खाल्ले आणि मेधाला म्हणाल्या, "आलं जरा कमी पडलंय गं."

गंमत अशी की देशात त्यांच्याच पक्षाचं सरकार आलं. मंडळाने परत फुलांचा इमोजी पाठवला. इंदूताईंनी मंत्र्यांना ओढ्याबद्दल पत्र लिहिलं. धन्यवादाचं पत्र आलं. कागदावरचं चिन्ह तेवढं वेगळं होतं.

पुढच्या वर्षी गाईंचा एक रोग देशात पसरला. माणसांना त्याचा त्रास नव्हता, दुधालाही नव्हता. पण तो देशातून मुळासकट काढायचा असं ठरलं, आणि ज्या शेतावर तो सापडेल तिथला अख्खा कळप मारायचा. केनने बाहेरून एक वळू आणला होता. त्याच्या कळपात रोग निघाला.

जॉयचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. इंदूताईंच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, हात गळ्यात बांधलेला, मी त्यांच्या वाणसामानाच्या पिशव्या पोचवायला गेलो होतो. सभेला दहा महिने होऊन गेले होते. त्या दिवसानंतर त्या घरातून एक शब्द आला नव्हता. जॉय म्हणाली, "उद्या ट्रक येणार आहेत. तो मला म्हणत नाहीये, पण तू असावीस असं त्याला वाटतंय." आणि मग म्हणाली, "इंदी, तुझी तिकडे कुणाशी ओळख असेल ना? आता तुमचं सरकार आहे."

इंदूताईंनी फोन ठेवून अकरा ठिकाणी फोन केले. त्या टायवाल्या गृहस्थांना, क्लिनिकला, मंत्र्यांच्या ऑफिसला, खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला. डाव्या हाताने नंबर दाबताना चुकायचे, त्या परत दाबायच्या. सगळे नीट बोलले. सहकारी म्हणाला, "तू व्हेट आहेस, तुलाच माहितीय."

"माहितीय," इंदूताई म्हणाल्या.

सकाळी मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. धुकं होतं, गवत पांढरं पडलेलं. तीन ट्रक शेडपाशी लागले होते. खात्याचे लोक कागदांवर खुणा करत होते. गाई नेहमीसारख्या रांगेत चालत आल्या, कारण त्यांना वाटत होतं धारेलाच चाललोय. एकही आजारी दिसत नव्हती. केन रॅम्पच्या बाजूला उभा होता. इंदूताई जाऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

एक गाय वर चढली. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नंबर होता. इंदूताई हळूच म्हणाल्या, "दोनशे चौदा. दोनदा मिल्क फीव्हर."

केन म्हणाला, "तिसऱ्यांदाही. तू रजेवर होतीस."

"शहाण्णव. जुळी."

"एक गेलं."

"एक राहिलं. तीनशे सात, तीच ना ती."

असं चाललं. मी फाटकाशी उभा राहून ऐकत होतो. खात्याचा माणूस यादी वाचायचा आणि त्याच्या अलीकडे ही दोघं वाचायची. पहिला ट्रक भरला, दुसरा भरला. शेवटच्या ट्रकचं फळकूट लागलं तेव्हा केन पहिल्यांदा त्यांच्याकडे वळला.

"डॉक, एक विचारू? तू निवडून आली असतीस, तर हे थांबवू शकली असतीस का?"

मला वाटलं, आता तरी. आता तरी काहीतरी बरं सांगा.

"नाही, केन," इंदूताई म्हणाल्या.

केनने मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "मी तुला मत दिलं नव्हतं."

"मला माहितीय."

मग तो एवढा उंच माणूस इंदूताईंच्या बऱ्या खांद्यावर कपाळ टेकून उभा राहिला. त्यासाठी त्याला जवळजवळ दुमडावं लागलं. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थापटलं, गाईला थापटतात तसं, मोकळ्या पंजाने. तोंडाने काहीतरी मराठीत बोलत होत्या. ते मला ऐकू आलं नाही.

केनने नवा कळप आणला नाही. शेत विकलं. आता आमच्या कुंपणामागेही करडी छपरं आहेत. इंदूताईंचा खांदा काही पूर्वीसारखा झाला नाही, मोठ्या जनावरांचं काम सुटलं. २०१९मध्ये विलासरावला दूर दक्षिणेला, साउथलंडच्या एका कारखान्यात जागा मिळाली आणि इंदूताईंनी तिथल्या कत्तलखान्यात तपासणीचं काम घेतलं. "तिथं हात घालायचा नसतो," त्या म्हणाल्या. "नुसतं बघायचं असतं. बघून शिक्का मारायचा."

निघाल्या त्या सकाळी मी ऑफिसला जाता जाता त्यांच्या दाराशी थांबलो. मेधाने आदल्या दिवशीच रडून घेतलं होतं. यूट भरलेली, विलासरावने इंजिन सुरू केलेलं. इंदूताई दार लावून बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "सईला म्हणावं, मराठीत उत्तर दे आईला." एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक म्हातारी बाई घाईघाईने आली. स्लिपर घातलेली, हातात पुठ्ठ्याचं खोकं. वसाहतीतलीच असावी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "तू व्हेट आहेस ना?" ती म्हणाली. "कुणीतरी सांगितलं इथे व्हेट राहते."

"मी गाईंची व्हेट आहे," इंदूताई म्हणाल्या. पण खोकं त्यांनी घेतलं होतं. बॉनेटवर ठेवून झाकण उघडलं. आत एक मोठं तपकिरी मांजर. इंदूताईंनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पोटावर बोटं ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

"काही करता येईल का?" म्हातारीने विचारलं.

"नाही," इंदूताई म्हणाल्या. "पण फार वेळ लागणार नाही त्याला. आपण बसू या."

विलासरावने इंजिन बंद केलं. दोघी फुटपाथच्या कडेला बसल्या, मधे खोकं. माझी साडेआठची मीटिंग होती. मी हात हलवला. इंदूताईंनी हनुवटीनेच, जा जा, अशी खूण केली, कारण त्यांचा हात खोक्यात होता. कोपऱ्यावर वळताना मी आरशात बघितलं. म्हातारी काहीतरी सांगत होती, आणि इंदूताई मान वाकवून ऐकत होत्या.